कॉजवे कोस्टचे किनारे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उत्तर आयर्लंडचा उत्तर किनारा नकाशात अगदीच छोटा दिसतो. पश्चिमेला मॅगिलिगनचं टोक, पूर्वेला बॅलीकॅसल. वाटेत कुठेच थांबलं नाही तर गाडीने दीड तासाच्या आत संपतो. त्यामुळे बहुतेक जण करतात तेच आम्हीही पहिल्यांदा केलं. बेलफास्टहून सकाळी बसमध्ये बसलो, दिवसभरात आठ ठिकाणं उरकली आणि रात्री परत आलो. व्हाइट पार्क बे हा तिथला सगळ्यात सुंदर किनारा आम्ही बसच्या खिडकीतून पाहिला, तोही वळणावर चार-पाच सेकंद. ते मनात इतकं राहून गेलं की तीन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी सोबत सत्तरीची आई होती आणि आम्ही चार रात्री किनाऱ्यावरच राहिलो. पुढे लिहिलंय ते दोन्ही खेपांच्या अनुभवातून.

एकच गोष्ट आधी सांगते, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. इथे कोणत्या दिवशी कोणता किनारा बघायचा हे घरून ठरवून जाऊ नका. ते वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर सोडा. त्यासाठी हाताशी दिवस हवेत. तीन रात्री तरी राहाच.

१. व्हिसा: आधी कुठे उतरणार ते ठरवा

सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये येतं. डब्लिन हे आयर्लंड प्रजासत्ताकात, म्हणजे वेगळ्या देशात. दोन्हींमधल्या सीमेवर नाका नाही, पासपोर्ट कुणी बघत नाही, बस सरळ निघून जाते. म्हणून लोकांना वाटतं, एक व्हिसा असला की झालं. तसं नाही. कुणी विचारलं नाही तरी दोन्हीकडे राहण्याची परवानगी तुमच्याकडे असलीच पाहिजे.

भारतीय पासपोर्टवर दोन सोपे मार्ग आहेत:

- फक्त यूकेचा व्हिजिटर व्हिसा काढायचा आणि लंडन, मँचेस्टर अशा शहरातून बेलफास्टला विमानाने जायचं. हा देशांतर्गत प्रवास असतो. डब्लिनचा प्रश्नच येत नाही.
- डब्लिनही बघायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना, म्हणजे बीआयव्हीएस. ही भारतीयांसाठी आहे. यूके किंवा आयर्लंड यांपैकी एकाचाच व्हिसा, पण त्यावर या योजनेची नोंद असेल तर दोन्ही देशांत जाता येतं. अट अशी, की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं.

ही अट नीट वाचा. यूकेचा व्हिसा हातात आहे, डब्लिनचं तिकीट स्वस्त मिळालं आणि काढून टाकलं, असं करणारे कमी नाहीत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तेच केलं. निघायच्या आठवडाभर आधी लक्षात आलं आणि सगळी तिकिटं बदलावी लागली. तुमच्या व्हिसावर योजनेची नोंद आहे का ते व्हिसा मिळाल्याच दिवशी तपासा, आणि त्यानंतरच विमानाचं पक्कं करा.

यूकेच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांचे ठसे दिल्यानंतर निकाल साधारण तीन आठवड्यांत लागतो. उन्हाळ्यात हाताशी जास्त वेळ ठेवा. कागदपत्रं:

- पासपोर्ट, आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- नोकरीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या, किंवा व्यवसायाची नोंदणी आणि आयकर विवरणपत्रं
- राहण्याची आणि प्रवासाची रूपरेषा (पैसे भरलेली तिकिटं आधीच काढायची गरज नाही, काढूही नका)
- कुणी खर्च उचलणार असेल तर त्यांचं पत्र आणि नात्याचा पुरावा

आईच्या खात्यात आम्ही अर्जाच्या आठवडाभर आधी मोठी रक्कम भरणार होतो. तसं करू नका. अचानक आलेल्या पैशांचा खुलासा मागितला जाऊ शकतो. खर्च तुम्ही करणार असाल तर सरळ तसं लिहा आणि तुमचं स्टेटमेंट जोडा.

२. कधी जायचं

मे ते सप्टेंबर. त्यातही मे अखेर ते जून अखेर हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. शाळांच्या सुट्ट्या सुरू झालेल्या नसतात आणि दिवस प्रचंड मोठा असतो. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. म्हणजे रात्रीचं जेवण उरकून किनाऱ्यावर फिरायला जाता येतं. डिसेंबरमध्ये याच्या नेमकं उलट. दुपारी चारला अंधार.

तीन तारखा आधी बघून ठेवा:

मे महिन्यात पोर्टस्ट्युअर्ट, कोलरेन आणि पोर्टरश यांच्यामधल्या सार्वजनिक रस्त्यांवर नॉर्थ वेस्ट २०० ही मोटरसायकलींची शर्यत होते. १९२९ पासूनची परंपरा आहे. त्या आठवड्यात ठरावीक वेळी रस्ते बंद असतात आणि खोल्या मिळत नाहीत. १२ जुलैला उत्तर आयर्लंडभर मिरवणुका निघतात. त्या दिवशी सुट्टी, बरीच दुकानं बंद, बसचं वेळापत्रक वेगळं. आणि ऑगस्टच्या शेवटच्या सोमवार-मंगळवारी बॅलीकॅसलला औल्ड लॅमस ही जुनी जत्रा भरते. तिथे डल्स नावाचं वाळवलेलं समुद्रशेवाळ पुडक्यांतून विकतात. खारट आणि चिवट. आईला पहिल्या घासात आवडलं, मला तिसऱ्या. जत्रा बघायची असेल तर खोली फार आधी घ्या, नसेल तर ते दोन दिवस टाळा.

३. मुक्काम आणि वाहन

गाडी चालवणार नसाल तर पोर्टरशला राहा. बेलफास्टहून कोलरेनपर्यंत रेल्वे, तिथून छोट्या फाट्याने पोर्टरश. काही गाड्या थेट जातात, एरवी कोलरेनला बदलायची. स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत वाळू. तिथून पुढे पूर्वेकडचे किनारे बसने करता येतात. कोलरेन ते बॅलीकॅसल अशी किनाऱ्याने जाणारी बस आहे, पण हंगामाप्रमाणे फेऱ्या कमी-जास्त होतात आणि शेवटची बस आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच लवकर असते. सकाळी निघतानाच परतीच्या शेवटच्या बसच्या वेळेचा फोटो काढून ठेवा.

गाडी चालवणार असाल तर बॅलिंटॉय किंवा बॅलीकॅसलकडे राहिलात तरी चालेल. वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे हात लवकर बसतो. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं; गाडी भाड्याने देणारे मात्र आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात, म्हणून तोही काढून न्या. वेगाच्या पाट्या मैलांत असतात, सीमा ओलांडून आयर्लंड प्रजासत्ताकातल्या डोनेगलला गेलात की किलोमीटरमध्ये. उत्तर आयर्लंडच्या पाटीवर फक्त आकडा असतो, पलीकडच्या पाटीवर आकड्याखाली km/h लिहिलेलं असतं. डोनेगलला जायचा विचार असेल तर गाडी घेतानाच सांगा. सीमेपलीकडच्या विम्याचं वेगळं पाहावं लागतं.

वाळूवर गाडी नेण्याबद्दल दोन शब्द. पोर्टस्ट्युअर्ट आणि बेनोन या पुळणींवर गाड्या थेट वाळूवर नेता येतात आणि स्थानिक लोक सर्रास नेतात. तुम्ही भाड्याची गाडी नेऊ नका. बहुतेक करारांत रस्ता सोडून चालवलेलं विम्यात बसत नाही. वाळू वरून घट्ट दिसते, चाक फिरलं की खाली मऊ लागते, आणि मागून भरती येत असते.

४. रोज सकाळी तीन गोष्टी बघा

चहा पिताना पाच मिनिटं लागतात, पण अख्खा दिवस यावर ठरतो.

*भरती-ओहोटी.* कोकणात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे सांगायला नको, पण सगळ्यांसाठी लिहिते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा सगळ्यात मोठा चढ-उतार, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. मुंबई-रत्नागिरीच्या मानाने इथे पाणी फार चढत-उतरत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण काही ठिकाणी कड्याच्या पायथ्याची वाट दोन-चार हात रुंदच असते आणि तेवढं पाणी तिला पुरतं. ओहोटीची वेळ बघा आणि तिच्या दोन तास आधी किनाऱ्यावर पोहोचा.

*वारा.* पश्चिमेचा वारा जोरात असेल तर पोर्टस्ट्युअर्ट आणि बेनोनला वाळूचे कण अक्षरशः पिंढऱ्यांना टोचतात. अशा दिवशी पूर्वेला, बॅलीकॅसल किंवा मर्लो बेकडे जा. फेअर हेडच्या आसपासचे कडे आडोसा देतात. पोर्टरश हे गावच समुद्रात शिरलेल्या टोकावर आहे, त्याच्या दोन्ही अंगांना पुळण. वेस्ट स्ट्रँडवर उभं राहवत नसेल तर गल्लीतून पाच-दहा मिनिटं चालत ईस्ट स्ट्रँडला या, फरक लगेच जाणवतो.

*पाऊस.* तासातासाचा अंदाज बघा, दिवसाचा नको. एकाच दिवसात चार सरी आणि पाच वेळा ऊन हे इथलं नेहमीचंच. छत्री आणूच नका, वारा ती ठेवत नाही.

५. पश्चिमेचा टप्पा: बेनोन, डाउनहिल, कॅसलरॉक, पोर्टस्ट्युअर्ट

मॅगिलिगनच्या टोकाला उभं राहिलं की समोर अरुंद पाण्यापलीकडे डोनेगल, म्हणजे दुसरा देश दिसतो. इथे फोन आपोआप आयर्लंडचं नेटवर्क पकडतो. तुमचं सिम फक्त यूकेपुरतं असेल तर रोमिंग बंद करून ठेवा, नाहीतर वाळूवर बसल्या बसल्या बिल चढतं. इथूनच पूर्वेकडे बेनोनची लांबलचक पुळण सुरू होते. सलग मैलोन्‌मैल सपाट वाळू, मागे उभा काळा कडा.

डाउनहिलला वाळूवर उभं राहून वर बघा. कड्याच्या अगदी ओठावर एक गोल, घुमटाचं देऊळवजा घर दिसेल. ते मसेंडन टेंपल. डेरी या शहराचे बिशप फ्रेडरिक हर्वी यांनी १७८५ मध्ये ते ग्रंथालय म्हणून बांधलं. कडा झिजत झिजत आता त्याच्या पायाशी आलाय. त्याच्या बरोबर खालच्या बोगद्यातून रेल्वे जाते. गाडी बोगद्यातून बाहेर येताना बघायची असेल तर वेळापत्रक बघून पाच मिनिटं आधी थांबा. आणि शक्य असेल तर एकदा कोलरेनहून डेरीपर्यंत स्वतःच त्या गाडीने जा. उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. कॅसलरॉक सुटलं की आधी बोगदे, मग एकदम समुद्र.

आता एक फसवा भाग. नकाशात कॅसलरॉकची पुळण आणि पोर्टस्ट्युअर्टची पुळण एकमेकींना लागून दिसतात. मध्ये बॅन नदीचं मुख आहे आणि त्यावर पूल नाही. पलीकडची माणसं हात हलवताना दिसतात, पण तिथे जायला कोलरेनवरून वळसा घालावा लागतो. आम्ही पहिल्या संध्याकाळी कॅसलरॉकला उभे राहून सूर्यास्त पोर्टस्ट्युअर्टहून बघायचं ठरवलं, आणि सूर्य बघितला तो कोलरेनच्या चौकातून. दोन्ही किनारे वेगवेगळ्या वेळी करा. पोर्टस्ट्युअर्ट संध्याकाळसाठी ठेवा. ही पुळण नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था सांभाळते, साधारण तीन किलोमीटर लांब आहे, मागे गवताळलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत आणि जूनमध्ये सूर्य डोनेगलच्या डोंगरांकडे समुद्रात उतरतो. टेकड्यांवर पायवाटेनेच चाला. ते गवतच वाळू धरून ठेवतं.

६. पोर्टरश ते डनलूस

पोर्टरशच्या ईस्ट स्ट्रँडवरून पूर्वेला चालत सुटा. उजवीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यामागे रॉयल पोर्टरशचं गोल्फ मैदान, जिथे १९५१, २०१९ आणि २०२५ मध्ये 'द ओपन' ही स्पर्धा झाली. डावीकडे समुद्रात स्केरीज नावाची लहान बेटं. पाऊण तास चाललात की वाळू संपते आणि एकदम पांढरे कडे समोर येतात. हे व्हाइटरॉक्स. लाटांनी कोरलेल्या कमानी, गुहा, मध्येच हत्तीच्या सोंडेसारखा एखादा कातळ. सकाळचं ऊन असताना या कड्यांकडे बघताना डोळे दिपतात.

पांढऱ्या खडूवर काळ्या बेसॉल्टचा थर, हे या किनाऱ्याचं सगळं रहस्य. आधी उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा खडू साचला. मग सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि वर पसरला. आपला सह्याद्रीही अशाच लाव्ह्याच्या थरांचा, थोडा आधीचा. म्हणून या किनाऱ्यावर एखादा काळा कातळ बघितला की घाटात उभं असल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्याच्या खाली असा पांढरा शुभ्र थर उघडा दिसत नाही, इथे दिसतो.

व्हाइटरॉक्सहून डनलूसचा पडका किल्ला दिसतो, पण वाळूवरून तिथे वाट नाही. कड्याखालून जायचा प्रयत्न करू नका. वर रस्त्याला लागा. किल्ला समुद्रात घुसलेल्या कातळावर आहे. १६३९ मध्ये एका वादळी रात्री त्याचं स्वयंपाकघर समुद्रात कोसळलं अशी आख्यायिका तिथे सगळेच सांगतात.

७. जायंट्स कॉजवे: पैसे कशाचे, फुकट काय

हा किनारा म्हणजे पुळण नव्हे, पण इथवर येऊन तो चुकवणारा कुणी नसतो. सुमारे ४०,००० बेसॉल्टचे खांब, बहुतेक षटकोनी, पायऱ्यांसारखे समुद्रात उतरत गेलेले. १९८६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बघितली असेल तर खांब कसे ते कळेल. इथे तुम्ही त्यांच्या माथ्यावरून चालता.

दगडांपर्यंत चालत जायला पैसे पडत नाहीत. पैसे आहेत ते माहिती केंद्राचे आणि तिथल्या वाहनतळाचे. अनेकांना वाटतं तिकीट घेतल्याशिवाय आत जाता येत नाही, तसं नाही. चालणं जमत असेल तर पोर्टबॅलिंट्रे गावातून रंकेरीच्या पुळणीवरून चालत या. तासाभराची सुरेख वाट आहे आणि गर्दीच्या उलट दिशेने तुम्ही कॉजवेला पोहोचता. फक्त त्या पुळणीवर पाण्यात उतरू नका, ओढ फार आहे.

आईसाठी आम्ही केंद्रापासून दगडांपर्यंत जाणारी छोटी बस घेतली. थोडे पैसे लागतात, पण गुडघे दुखत असतील तर चढणीचा विचार करून घ्याच.

सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. दिवसाच्या बसेस मधल्या वेळात येतात. काळे, ओले दगड टाळा, त्यांवर शेवाळ असतं आणि लाट तिथवर येते म्हणूनच ते ओले असतात. खांबांच्या फटींत नाणी खोचायची एक खोड पर्यटकांनी लावली आहे. नाणी गंजतात, फुगतात आणि दगड फोडतात. कृपा करून तुम्ही खोचू नका, मुलांनाही सांगा.

इथून पूर्वेला डन्सेव्हरिकपर्यंत कड्यावरून सुमारे ८ किलोमीटरची पायवाट जाते. चालणाऱ्यांनी ती सोडू नये. डन्सेव्हरिकपर्यंत बसने जाऊन उलट चालत आलं तर शेवटी कॉजवे भेटतो. वाटेत खाली लकाडा पॉइंट दिसतो. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं गिरोना जहाज इथे फुटलं. त्यातलं सोनं-नाणं १९६७-६८ मध्ये पाणबुड्यांनी वर काढलं आणि ते आता बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. परतीच्या दिवशी विमानाला वेळ असेल तर बघा; कडा आधी बघून गेलात तर त्या अंगठ्या वेगळ्या दिसतात.

८. व्हाइट पार्क बे: अर्धा दिवस इथे द्या

वरच्या वाहनतळावरून बघितलं की खाली पांढऱ्या कड्यांच्या कुशीत पिवळी चंद्रकोर. ना दुकान, ना टपरी, ना घर. जाताना पाणी आणि खाणं घेऊन जा. खाली उतरायला पायऱ्या आणि उताराची वाट आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम लागतो. आईला आम्ही मध्ये दोनदा बसवलं आणि वर यायला वीस मिनिटं लावली. ज्यांना उतरणं शक्य नाही त्यांनी वरच बसावं. दृश्य तिथूनही पूर्ण दिसतं.

खाली पहिल्यांदा दिसल्या त्या गाई. खऱ्या, चरायला सोडलेल्या, आणि चक्क वाळूवर लाटांकडे तोंड करून बसलेल्या. त्यांच्या जवळून जाऊ नका, वासरं सोबत असतील तर मुळीच नाही. पुढे कोरड्या वाळूत पाय घासत चाललात तर खालून चीं-चीं असा आवाज येतो. नव्या करकरीत वहाणांसारखा. ऊन-वारा लागून वाळू चांगली कोरडी असेल तरच येतो, म्हणून पावसानंतर लगेच जाऊन निराश होऊ नका. कड्याच्या पायथ्याशी चकमकीचे दगड सापडतात. अश्मयुगातल्या माणसांनी याच खडूतून ते काढून हत्यारं बनवली आणि याच खाडीकाठी वस्ती केली. दगड बघा, हातात घ्या आणि तिथेच ठेवा.

दोन धोके. पहिला, पाणी. इथे पोहायचंच नाही. समुद्र शांत दिसतो तेव्हाही आत खेचणारे प्रवाह असतात आणि जीवरक्षक नसतात. गुडघाभर पाण्यातसुद्धा मुलांचा हात सोडू नका. दुसरा, टोकं. पूर्वेला बॅलिंटॉय बंदराकडे आणि पश्चिमेला पोर्टब्रॅडनकडे किनाऱ्याने चालत जाता येतं, पण दोन्हीकडे कड्याखालचा खडकाळ तुकडा भरतीला पाण्याखाली जातो. ओहोटी उतरत असतानाच निघा. भरती लागलेली असेल तर वर चढून रस्त्याने जा, कितीही लांब पडलं तरी.

बॅलिंटॉय बंदर छोटं आहे, रस्ता नागमोडी आणि उताराचा. दुपारी तिथे गाड्या अडकतात. सकाळी लवकर किंवा चालत. थोडं पुढे कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल. सॅमन मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी १७५५ मध्ये पहिल्यांदा बेटापर्यंत दोर टाकले. आताचा पूल मजबूत आहे, लांबी २० मीटर आणि खाली ३० मीटरवर पाणी. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, ऑनलाइन काढा. वारा जोरात असला की पूल बंद ठेवतात, म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर तो ढकलू नका.

९. बॅलीकॅसल आणि पुढे

गर्दीचा कंटाळा आला की इकडे या. बॅलीकॅसलची पुळण मोठी, गाव जिवंत, आणि समोर रॅथलिन बेट. १८९८ मध्ये मार्कोनी यांच्या माणसांनी या दोन ठिकाणांमध्ये बिनतारी संदेश पाठवले. पफिन पक्षी बघायचे असतील तर एप्रिल अखेर ते जुलै या काळात बेटावर जा. बोटीचं आरक्षण आधी करा, आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते हे धरून चाला.

मर्लो बे हा माझा स्वतःचा आवडता कोपरा. रस्ता अरुंद आणि तीव्र उताराचा आहे. गाडी वरच ठेवून चालत उतरा. खाली हिरवं रान थेट पाण्यापर्यंत येतं आणि स्वच्छ दिवशी समोर स्कॉटलंडची जमीन दिसते. तिथे आम्हाला दीड तासात एकही माणूस भेटला नाही.

१०. पाण्यात उतरणार असाल

उन्हाळ्यातही पाणी १३ ते १५ अंश असतं. एकदम उडी मारली तर श्वास अडकतो, चांगल्या पोहणाऱ्याचाही. हळूहळू उतरा. पोर्टस्ट्युअर्ट, पोर्टरश, व्हाइटरॉक्स, बेनोन अशा मोठ्या पुळणींवर हंगामात आरएनएलआय या समुद्रात जीव वाचवणाऱ्या संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे सर्फिंगची जागा. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही.

प्रवाहाने आत ओढलं तर त्याच्याशी झगडू नका. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, हात वर करून हाका मारा. दुसऱ्या कुणाला ओढलं तर मागे उडी न घेता ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

उन्हाळ्यात लायन्स मेन नावाची तपकिरी-लाल जेलीफिश वाळूवर येऊन पडते. मेलेली दिसली तरी हात लावू नका, तिचे धागे तरीही डंख करतात.

११. पिशवीत काय हवं

- टोपी असलेलं वारा-पाऊस अडवणारं जाकीट, जूनमध्येही
- पकड चांगली असलेले बूट आणि वाळूसाठी वेगळी चप्पल
- जादा मोजे आणि छोटा टॉवेल
- पाण्याची बाटली आणि खाणं (किनाऱ्यांवरचे कॅफे संध्याकाळी लवकर बंद होतात, शाकाहारी असाल तर पोर्टरश किंवा कोलरेनच्या सुपरमार्केटमधून सकाळीच घेऊन निघा)
- तीन खिळ्यांच्या यूके प्लगचा अडॅप्टर आणि पॉवर बँक
- भरती-ओहोटीच्या तक्त्याचा फोटो, कारण कड्याखाली नेटवर्क जातं
- सनस्क्रीन. थंड वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं.
- थोडे सुटे पौंड, वाहनतळासाठी. बाकी कार्ड चालतं.

नोटांबद्दल एवढं लक्षात ठेवा: उत्तर आयर्लंडच्या बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, पण लंडनमध्ये दुकानदार घ्यायला कुरकुर करतात आणि भारतात बदलून मिळणं कठीण. एटीएममधून हव्या तेवढ्याच काढा, आणि उरलेल्या बेलफास्ट सोडण्याआधी खर्च करा.